घराची जमीन : सागवान की सागवानाचे चित्र?

गृहस्थ घर बांधावयास काढतो तेव्हा पाया, भिंती, दारे, खिडक्या यांचा विचार महिनोन् महिने चालतो. जमिनीचा विचार मात्र बहुधा शेवटी होतो. तोवर हातातील पैसा आटत आलेला असतो, गृहप्रवेशाचा दिवस ठरून गेलेला असतो, आणि मग दुकानदार जे दाखवील त्यातले डोळ्यांना बरे दिसेल ते पसंत केले जाते. वास्तविक पाहता घरातील ज्या वस्तूशी आपला देह रात्रंदिवस लागलेला असतो, ती वस्तू म्हणजे जमीन. आपण तिच्यावर चालतो, बसतो, जेवतो, मुले तिच्यावर रांगावयास शिकतात, वृद्ध मंडळी थंडीत तिच्यावर अनवाणी पाय टेकतात.

अलीकडे आपल्या सभासद बंधूंच्या नव्या घरांतून लाकडी जमिनीची आवड वाढलेली दिसते. एके काळी बेळगावकडे शहाबादी फरशी घातली म्हणजे घर पूर्ण झाले असे समजत. आता निदान निजावयाच्या एका खोलीत तरी 'वुडन फ्लोअरिंग' हवे, असा तरुण मंडळींचा आग्रह असतो. आवड वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु या एकाच इंग्रजी नावाखाली बाजारात दोन अगदी भिन्न माल विकले जातात, आणि घेणाऱ्यास पुष्कळदा हा भेद ठाऊक नसतो. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने चार शब्द लिहीत आहोत. आम्ही धान्याचे घाऊक व्यापारी आहोत, सुतारकामाचे पंडित नव्हे. पण माल ओळखणे, ओलावा जोखणे आणि हिशेब मांडणे या तीन गोष्टींत आमची हयात गेली, आणि या प्रश्नातही याच तीन गोष्टी मुख्य आहेत.

दोन्ही माल प्रथम ओळखावेत

पहिला माल म्हणजे घन लाकूड. झाडाच्या खोडातून कापलेली, सुकवलेली, रंधा मारलेली फळी. सामान्यतः पाऊण इंच जाडीची. तिच्या एका कडेस कूस आणि दुसऱ्या कडेस खाच असते. एकीची कूस दुसरीच्या खाचेत बसून जमीन तयार होते. वरपासून खालपर्यंत ते एकच लाकूड असते. त्यामुळे वरचा पृष्ठ झिजला, चरे पडले, रंग उतरला, तर तो घासून काढून नव्याने पॉलिश करता येतो. नीट राखलेली जमीन अशा रीतीने आयुष्यात तीन-चार वेळा नवी करता येते.

दुसरा माल म्हणजे लॅमिनेट. हा शोध स्वीडनचा. तेथील पर्स्टोर्प या कारखान्याने १९७७ साली तो लावला आणि १९८४ पासून 'पर्गो' या नावाने तो युरोपात विकावयास आणला. यात चार थर असतात. सर्वांत खाली तोल राखणारा एक पातळ थर. त्यावर लाकडाचा भुगा-तंतू राळेत मिसळून मोठ्या दाबाखाली बनविलेला घट्ट पुठ्ठ्यासारखा गाभा. हाच त्याचा मुख्य देह. त्यावर लाकडाच्या रेषांचे छायाचित्र छापलेला कागद. आणि सर्वांत वर मेलामाइन राळेचे पारदर्शक आवरण, ज्यात कुरुंदाची बारीक पूड घातलेली असते. आपल्या धार लावण्याच्या दगडात जो कुरुंद असतो तोच हा. त्यामुळे वरचा पृष्ठ विलक्षण टणक होतो. पूर्वी या पट्ट्या सरसाने चिकटवीत. १९९६-९७ च्या सुमारास सरसाशिवाय एकमेकींत अडकणारे सांधे निघाले आणि एका खोलीचे काम एका दिवसात होऊ लागले.

एक तिसरा मालही आहे, त्यास इंजिनिअर्ड लकूड म्हणतात. त्यात खाली प्लायवुडासारखे आडवे-उभे थर आणि वर खऱ्या लाकडाचा दोन ते सहा मिलिमीटरांचा पापुद्रा असतो. तो या दोहोंच्या मधला होय. एवढा उल्लेख पुरे.

आमच्या धंद्यात शरबती सांगून लोकवन विकणाऱ्यास काय म्हणतात हे सभासदांना सांगणे नलगे. लोकवन हा वाईट गहू नव्हे. लाखो घरांत त्याच्याच पोळ्या होतात. दोष गव्हाचा नसतो, नावाचा असतो. लॅमिनेटचेही तसेच आहे. लॅमिनेट म्हणून घेतले तर तो चोख माल आहे. सागवान म्हणून घेतले तर घेणारा फसला. दुकानात पट्टी हातात घेऊन तिची कापलेली कड पाहावी. लाकडाच्या रेषा वरच्या अंगावरून कडेवर उतरल्या असतील तर ते लाकूड. कड एकसारखी तपकिरी, भुग्याची दिसली तर ते चित्र.

ओलाव्याचा प्रश्न

गव्हात बारा टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, त्यापुढे माल तापतो हे आम्हा धान्यवाल्यांना पाठ असते. लाकडाचे शास्त्र याहून फारसे निराळे नाही. लाकूड मेले तरी हवेतला ओलावा घेणे-सोडणे त्याचे थांबत नाही. हवेची आर्द्रता ऐंशी टक्के असेल तर लाकडात सुमारे सोळा टक्के ओलावा मुरतो. पस्तीस टक्क्यांवर आली तर तो सुमारे सात टक्क्यांवर उतरतो. आमच्याकडे आषाढ-श्रावणात संततधार लागते, भिंतींना ओल सुटते, तर फाल्गुन-चैत्रात ओठ फुटतात. म्हणजे एकाच वर्षात लाकूड एकदा फुगते आणि एकदा आकसते.

किती फुगते, याचा हिशेब मांडता येतो. सागवानात ओलावा एका टक्क्याने वाढला, तर साध्या कापाची फळी रुंदीत हजारात सुमारे दोन भाग वाढते. घरात वर्षाकाठी सहा टक्क्यांचा फरक पडतो असे धरले, तर चार इंची फळीत एक मिलिमीटरहून किंचित अधिक फरक पडेल. एका फळीत तो दिसतही नाही. पण बारा फूट रुंद खोलीत अशा छत्तीस फळ्या असतात. सर्वांची बेरीज दीड इंचाच्या वर जाते. या दीड इंचाला जागा दिली नाही, तर जमीन मधोमध उचलते. परदेशी ओक लाकडात हाच फरक जवळजवळ दुप्पट असतो. साग या बाबतीत गरीब स्वभावाचा आहे, आणि आपल्या पूर्वजांनी त्याला पसंती दिली ती केवळ रंगासाठी नव्हे.

यावरून तीन नियम निघतात. पहिला, फळ्या पूर्ण सुकलेल्याच घ्याव्यात, आणि लाकडाचा ओलावामापक लावून त्या बारा टक्क्यांच्या आत आहेत हे पाहावे. दुसरा, शक्यतो उभ्या सरळ रेषांच्या फळ्या निवडाव्यात. डोंगरासारखी नक्षी दिसणाऱ्या फळ्या सुंदर असतात, पण रुंदीत अधिक हलतात. तिसरा, फळ्या घरात आणून दोन-तीन आठवडे मोकळ्या रचून ठेवाव्यात आणि काम दिवाळीनंतर करावे. मे महिन्यात बसवलेली कोरडी जमीन आषाढात फुगते; श्रावणात बसवलेली फाल्गुनात भेगाळते. दिवाळीनंतरची हवा या दोहोंच्या मधली असते. चारी भिंतींशी अर्धा इंच वा थोडी अधिक फट ठेवून ती पट्टीखाली झाकावी.

लॅमिनेटही हलते, म्हणून त्यासही भिंतीशी आठ-दहा मिलिमीटरांची फट लागते. पण त्याचा खरा शत्रू हवेतला ओलावा नव्हे, तर साचलेले पाणी. वरचे आवरण पाणी आत घेत नाही. सांध्यांतून मात्र पाणी शिरते. भुग्याचा गाभा एकदा पाण्याने फुगला म्हणजे सुकल्यावरही पूर्वपदावर येत नाही, आणि तो घासून सारखाही करता येत नाही, कारण घासताच वरचे चित्र जाते. हल्ली पाणी सहन करणारे लॅमिनेट मिळते. ते वर सांडलेले पाणी काही तास थोपवते. खालून येणाऱ्या ओलीला त्याचाही इलाज नाही.

खालून येणारी ओल ही दोन्ही मालांची समान वैरीण होय. आपण गोदामात पोती थेट जमिनीवर रचीत नाही, खाली फळ्या घालतो, त्याचे कारण हेच. नव्या स्लॅबमधले पाणी सुकावयास बराच काळ लागतो. इंचामागे एक महिना असा अंदाज बांधकामवाले धरतात. परीक्षा सोपी आहे. दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा तुकडा जमिनीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि सोळा तासांनी उघडून पाहावे. आत दव जमले असेल किंवा काँक्रीटचा रंग काळवंडला असेल, तर गृहप्रवेशाचा दिवस पुढे ढकलावा. जमीन बसविण्याची घाई करू नये.

हिशेब कसा मांडावा

बारा बाय चौदा फुटांची खोली धरू. क्षेत्र झाले एकशे अडुसष्ट चौरस फूट. लॅमिनेट घ्यावयाचे तर कापण्यात जाणारा दहावा हिस्सा धरून एकशे पंच्याऐंशी चौरस फूट माल लागेल. भावात माल, खालचा फोमचा थर, कडेच्या पट्ट्या, मजुरी आणि वाहतूक हे सर्व आले की नाही ते विचारावे. आपण धान्याचा भाव 'जागेवर पोहोच' विचारतो, त्याप्रमाणे.

दर गावोगाव निराळे, म्हणून आम्ही रुपयांत न बोलता वाट्यांत बोलतो. समजा, लॅमिनेटच्या खोलीस एक वाटा खर्च आला आणि ती बारा वर्षे टिकली. घन सागाच्या खोलीस चार वाटे आले, ती साठ वर्षे टिकली, आणि मधे तीन वेळा घासून पॉलिश करावयास प्रत्येकी अर्धा वाटा लागला. साठ वर्षांत लॅमिनेटचे पाच वाटे झाले, सागाचे साडेपाच. म्हणजे हिशेब जवळजवळ बरोबरीत सुटला! त्यात एकदम गुंतलेल्या रकमेचे व्याज धरले, तर पारडे लॅमिनेटकडे झुकते. साग परवडतो असे जे सरसकट म्हटले जाते, ते नवा साग बाजारभावाने घेणाऱ्यास लागू पडत नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

नवा साग महाग होण्याची कारणेही आहेत. ब्रह्मदेशाने २०१४ च्या एप्रिलपासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. आपल्याकडे दांडेलीच्या वनखात्याच्या आगारातील लिलावाचा माल मर्यादित. म्हणून घाना, इक्वेडोर अशा दूरच्या देशांतील लागवडीचा साग बंदरांवर उतरतो. तो पुष्कळदा कोवळ्या झाडांचा असतो, त्यात बाहेरचा पांढरा भाग अधिक, आणि वाळवीला दाद न देण्याचा सागाचा जो प्रसिद्ध गुण, तो मुख्यतः आतल्या गाभ्यात असतो. सागाचे नाव ऐकून भाव देऊ नये. फळीत पांढरा भाग किती ते पाहून द्यावा.

जुन्या माडीचे लाकूड

परंतु आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबांपाशी एक ठेव अशी आहे, की जी या हिशेबात कोणी धरीत नाही. ती म्हणजे जुन्या घराचे लाकूड.

रविवार पेठेतील आणि आसपासच्या जुन्या घरांच्या माड्या कडीपाटाच्या होत्या. सागाच्या जाड तुळया, त्यांवर कड्या, त्यांवर फळ्या, आणि कित्येक घरांत त्यांवर मातीचा थर देऊन शेणाचे सारवण. अशी घरे आता भराभर पाडली जात आहेत. पाडकामाचा ठेकेदार येतो, घराभोवती एक चक्कर मारतो आणि दगड-लाकडासह ठोक रक्कम सांगतो. वाटेकरी भाऊ अनेक, प्रत्येकाला लवकर मोकळे व्हावयाचे असते, आणि सौदा होतो. आमच्या परिचयाच्या एका व्यापारी बंधूंनी याप्रमाणे माडी दिली. दोन वर्षांनी त्यांच्या नव्या घरात लॅमिनेट बसले. त्यावर चित्र होते जुन्या सागाचे. पहिल्याच पावसाळ्यात एक खिडकी रात्रभर उघडी राहिली आणि खिडकीखालच्या पट्ट्यांच्या कडा फुगून वर आल्या. हमीपत्र काढून पाहिले, तर हमी पृष्ठभाग झिजण्याची होती, पाण्याची नव्हती. त्या बंधूंच्या वृद्ध मातोश्री जुन्या माडीचे लाकूड कोठे गेले असे अधूनमधून विचारतात, आणि घरातील कोणापाशी त्याचे उत्तर नाही.

आमच्या घरी हा प्रसंग आला तेव्हा टिळकवाडीकडे नवे घर उभे राहत होते. चिरंजीव म्हणाले, "अण्णा, जुनी लाकडे चिरून फळ्या करण्यात वेळ जाईल. लॅमिनेट दोन दिवसांत होते, आणि दहा वर्षांनी आवड बदलली तर काढून टाकता येते." म्हणणे खोटे नव्हते. आम्ही सागाची बाजू मांडली. सूनबाई दोघांचे ऐकून घेऊन म्हणाल्या, "मामंजी, साग की चित्र ते तुम्ही ठरवा. पण सगळ्या घराला लाकूड घातलेत, तर रोज ओल्या फडक्याने पुसायचे बंद होईल. स्वयंपाकघरात पाणी सांडले की धावायचे मलाच. ते कसे व्हायचे?"

आम्हा दोघांच्या वादात हा प्रश्न आलाच नव्हता, आणि खरा प्रश्न हाच होता. घन लाकूड असो वा लॅमिनेट, त्यावर बादलीने पाणी ओतून चालत नाही. फडके घट्ट पिळून पुसावे लागते आणि सांडलेले तत्काळ टिपावे लागते. जमीन निवडतो एक आणि राखतो दुसरा, असे घरात होऊ नये. मग सूनबाईंच्या सांगण्याप्रमाणे खोल्या वाटून घेतल्या. स्वयंपाकघर, देवघर, न्हाणीघरासमोरची जागा आणि ओटीवर शहाबादी फरशीच राहिली. चिरंजीव नोकरीनिमित्त पुण्यास असतात, त्यांच्या खोलीत लॅमिनेट बसले. ते वापरणार वर्षातून महिनाभर, तेथे साग घालणे म्हणजे चांगले बियाणे दळण्यास देण्यासारखे झाले असते. आणि माडीवरच्या मोठ्या खोलीत जुन्या घराचा साग आला.

त्याचा हिशेब सांगतो, कारण तो इतरांच्या उपयोगी पडेल. एकशे अडुसष्ट चौरस फुटांना पाऊण इंच जाडीने साडेदहा घनफूट तयार लाकूड लागते. चिरकाम, रंधा आणि कुजकी टोके यांत तिसरा हिस्सा जातो असे धरले, तर मूळ लाकूड पावणेसोळा घनफूट हवे. सहा इंच बाय आठ इंच जाडीची, बारा फूट लांबीची एक तुळई चार घनफूट भरते. म्हणजे चार तुळयांत एक खोली झाली! मालाची किंमत वजा झाली. राहिली खिळे काढणे, चिरकाम आणि मजुरी. मघाच्या वाट्यांच्या हिशेबात चारांतले निम्म्याहून अधिक वाटे लाकडाचेच असतात. ते आपल्या डोक्यावरच असतील, तर पारडे स्पष्टपणे सागाकडे फिरते.

जुन्या लाकडास आणखी एक गुण असतो. अनेक दशके घराच्या छपराखाली राहून त्याचे जे काही हलावयाचे ते बरेचसे हलून गेलेले असते. मात्र घेण्यापूर्वी प्रत्येक तुळई हातोडीने ठोकून पाहावी; पोकळ आवाज आला तर आत वाळवी फिरून गेली असे समजावे. भिंतीत गाडलेली टोके विशेष पाहावीत, कारण कूज तेथूनच सुरू होते. मोडके खिळे लोहचुंबकाने शोधून काढल्यावाचून चिरकामाचा कारखानदार लाकूड करवतीस लावणार नाही, आणि ते योग्यच आहे.

आपल्या आचाराच्या दृष्टीनेही एक शब्द सांगावासा वाटतो. श्रावकास वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत वनकर्माचा समावेश आहे, हे सभासद जाणतातच. जुन्या तुळयांसाठी नवे झाड पडत नाही. लॅमिनेटच्या बाजूने इतके म्हटले पाहिजे, की त्याच्या गाभ्यास बारीक लाकूड व कारखान्यांतील उरलेसुरले तुकडे चालतात. शंभर वर्षांचा वृक्ष लागत नाही. वाळवीचा प्रश्न दोहोंतही आहे, कारण भुगा हेही लाकूडच. वाळवी लागल्यावर विष मारण्यापेक्षा ओल न येऊ देणे, पायथ्याच्या भिंती तपासत राहणे आणि फटी बुजविणे हे आपल्याला अधिक साजणारे आहे.

घेताना काय पाहावे

लॅमिनेट घेणाऱ्याने खोक्यावर 'एसी' हे चिन्ह व त्यापुढील आकडा पाहावा. हा झिजेचा प्रतवार दर्जा आहे. आपल्या घरांत पादत्राणे दाराबाहेर राहतात, तेव्हा राहत्या घरास एसी तीन पुरतो. वर्दळीच्या जागेस एसी चार घ्यावा. त्याहून वरचा दर्जा दुकानांसाठी. जाडी आठ मिलिमीटरांहून कमी नसावी. गाभ्याच्या राळेतून फॉर्माल्डिहाइड नावाचा वायू थोडा थोडा सुटत असतो. म्हणून 'ई एक' हा दर्जा छापलेला असल्याखेरीज माल उचलू नये, आणि बसविल्यावर काही दिवस खिडक्या उघड्या ठेवाव्यात. दोन खोकी जादा घेऊन ठेवावीत, कारण तीच नक्षी पुढे मिळेल याचा भरवसा नसतो.

सागवान घेणाऱ्याने सुतार आधी ठरवावा आणि लाकूड मागाहून घ्यावे. लाकडी जमिनीचे काम दारे-कपाटे करणाऱ्या प्रत्येक सुतारास येतेच असे नाही. त्याने पूर्वी केलेली आणि निदान दोन पावसाळे पाहिलेली एखादी जमीन प्रत्यक्ष जाऊन पाहावी. साग हा टणकपणात ओकाहून थोडा कमीच भरतो, तेव्हा जड कपाटे ओढत नेल्यास चरे पडतील. पायांखाली नमद्याचे तुकडे लावावेत, आणि लहान चऱ्यांविषयी फार जीव टाकू नये. ते पुढच्या पॉलिशात निघतात.

सारांश, जो भाड्याच्या जागेत आहे, ज्याला दहा-बारा वर्षांत घर बदलावयाचे आहे किंवा ज्याच्या गाठीस आज थोडीच रक्कम आहे, त्याने खुशाल लॅमिनेट घ्यावे. मात्र तो खर्च आहे असे वहीत लिहावे. ज्याला घर पुढच्या पिढीकडे द्यावयाचे आहे, त्याने एखाद्या तरी कोरड्या खोलीत घन लाकूड घालावे. ते भांडवल खाती जमा होईल. आणि ज्याचे जुने घर अद्याप उभे आहे, त्याने ठेकेदारास होकार देण्यापूर्वी शिडी लावून, हातोडी घेऊन, आपल्या तुळया एकदा मोजून घ्याव्यात. लाकडाचा भाव घराच्या ठोक भावातून वेगळा काढून मागावा, अथवा लाकूड आपल्याकडे ठेवून घ्यावे. वाटेकरी भाऊ असतील तर या एका बाबीवर सर्वांनी आधी बसून बोलावे. तूर्त घर बांधावयाचे नसले तरी कोरड्या गोदामात फळ्यांवर रचून ठेवलेला जुना साग वर्षानुवर्षे थांबू शकतो, आणि गोदामे तर आपणा सर्वांपाशी आहेतच.